तुंगाबाईंचा मोडेम कोणी काढला?

१

तुंगाबाई गेल्या त्या बुधवारी घरातलं इंटरनेट बंद होतं आणि ते त्यांना सांभाळायला येणाऱ्या वनजानं बंद केलं होतं, यावर अकराव्या दिवसापर्यंत सगळ्या नातेवाइकांचं एकमत झालं होतं. चामराजपुरमच्या त्या घरात याआधी एकमत कधी झालं होतं, हे बिंदुमाधवरावांना आठवेना. म्हणूनच त्यांना संशय आला.

बिंदुमाधवराव हे तुंगाबाईंचे धाकटे भाऊ. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात घालवलेली. एके काळी म्हैसुरात नवा फोन हवा असला की लोक आधी त्यांच्याकडे पेढे घेऊन यायचे. आता लोक त्यांना दोनच कारणांसाठी बोलवत. वायफाय अडकलं तर, आणि कुणी गेलं तर. या खेपेला दोन्ही कारणं एकदम आली होती.

"सरळ केस आहे, मामा," सुधींद्र म्हणाला. तो तुंगाबाईंचा एकुलता मुलगा, हिनकलकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी हेड. कसली डिलिव्हरी ते तुंगाबाईंना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. शेजारणींना त्या तो पोस्टात असल्यासारखं सांगत. "आईच्या टॅबवर माझा मोठा फोटो आहे. त्यावर बोट ठेवलं की मला फोन लागतो. मात्र त्याला वायफाय लागतं, कारण आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. वनजानं स्वतःचा मोबाइल चार्ज करायला मोडेमचा प्लग उपसला आणि गेली भटकायला. आईच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा फोन लागला नाही. संपलं."

"भटकायला नाही, मेडिकलमध्ये गेली होती ना?"

"कुठेही गेली असेल."

"लँडलाइन असती तर लागला असता."

"मामा, प्लीज."

लँडलाइन सुधींद्रनं गेल्या वर्षी परत करून टाकली होती. तिला घरची वीज लागत नसे. वीज तारेतूनच एक्सचेंजमधून यायची. त्या फोनचा दोष एकच होता, तो दिवाणखान्यात शोभत नव्हता.

"पुरावा काय?" बिंदुमाधवरावांनी विचारलं.

सुधींद्रनं मोबाइल पुढे धरला. तुंगाबाईंनी त्या दिवशी सुधींद्रसाठी टॅबवर निरोप बोलायला घेतला होता, त्यात वनजाला मारलेली हाकच आली होती. मग त्यांचा आवाज आला, धापा टाकत: "वनजा! अगे वनजा, मोडेम काढलीस का?"

सुधींद्रनं तिथंच बोट दाबून आवाज थांबवला. "पुढचं मला ऐकवत नाही," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

त्याची बायको विभावरी नाशिकची, इथल्या एका शाळेत गणित शिकवते. ती डोळे पुसत म्हणाली, "आईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, मामा. मोडेम काढला म्हणून. आणखी काय पुरावा हवा? सोमवारी तेराव्याचं जेवण झालं की आम्ही पोलीस स्टेशनला जातोय. अर्ज तयार आहे."

वनजाला एजन्सीनं आधीच कामावरून कमी केलं होतं. पोलिसांत नाव गेलं तर तिला म्हैसुरातल्या कुठल्याच घरात आजारी माणसाजवळ उभं करणार नाहीत, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला न्याय म्हणत होते.

बिंदुमाधवरावांनी चष्मा काढून पुसला. निरोप त्यांनी नीट ऐकला होता, आणि त्यातलं एक काहीतरी त्यांच्या कानात खड्यासारखं रुतलं होतं. ते त्यांनी तूर्त कुणाला सांगितलं नाही.

"टॅब दोन दिवस माझ्याकडे दे," ते म्हणाले. "अक्काचे फोटो आहेत त्यात."

२

वनजा नंजनगूडला राहते. चार वर्षं ती रोज सकाळच्या गाडीनं म्हैसूरला यायची. तिची मायबोली कन्नड. मराठी ती तुंगाबाईंकडून शिकली, म्हणजे तुंगाबाईंच्या चुकांसकट शिकली.

बिंदुमाधवराव शनिवारी दुपारीच बसनं तिच्या घरी गेले. तिनं बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"पोलीस कधी येणार, मामा?"

"मला काय ठाऊक? मी पोलीस नाही, टेलिफोनवाला. बुधवारी काय झालं ते सांग."

"विभावरी अक्का सकाळी म्हणाल्या, अम्माच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, घेऊन ये. मी सव्वाअकराला गेले. पहिल्या मेडिकलमध्ये नव्हत्या, दुसऱ्यात गेले. बारा वाजायला आले तेव्हा परत. दार काढले, तर अम्मा जमिनीवर. टॅब हातात. मी फॅन काढले, तोंडावर पाणी मारले, सरांना तीन फोन केले. उचलले नाहीत. मग वर पळाले, भाडेकरू निशांत सरांना उठवले. त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली."

"मोडेमला हात लावलास?"

"अय्यो, कशाला लावू? त्याचे दिवे सगळे हिरवे होते. तरी अम्माचा फोन लागत नाही. रोजचंच आहे ते."

बिंदुमाधवराव खुर्चीत पुढे सरकले. "रोजचं म्हणजे?"

"दोन महिने झाले. अकरा वाजले की टॅब रुसतो, जेवणाच्या वेळेला मत्ते, परत नीट होतो. अम्मा सरांना सांगायची. सर म्हणायचे, बघतो."

"आणि तुझा मोबाइल?"

"माझा चालतो की. वरच्या निशांत सरांचंही चालतं. एकट्या अम्माचाच चालत नाही."

परतीच्या बसमध्ये बिंदुमाधवरावांनी टॅब उघडला. बुधवारी अकरा वाजून पाच मिनिटांपासून सुधींद्रला फोन लावल्याच्या नोंदी होत्या. त्यांनी मोजल्या. चौदा. निरोप होता अकरा बत्तीसचा. सुधींद्रच्या मोबाइलवर तोच निरोप किती वाजता पोचला होता, ते त्यांनी सकाळी पाहून ठेवलं होतं. बरोबर एक वाजता. माणूस प्लग लावतो तेव्हा असा ठोक्याला लावत नाही.

मग त्यांनी निरोप शेवटपर्यंत ऐकला. पुढे आणखी दोनच वाक्यं होती. ती ऐकल्यावर त्यांनी निरोप स्वतःच्या मोबाइलवर उतरवून घेतला आणि टॅब पिशवीत ठेवला.

३

रविवारी सकाळी ते चिदंबरच्या दुकानात गेले. गल्लीगल्लीतून घराघरांत इंटरनेटची काच-तार, म्हणजे फायबर, पोचवायचं काम चिदंबर करतो. बिंदुमाधवरावांच्या हाताखाली शिकलेला, म्हणून अजून उभा राहतो.

"सर, तुम्ही? बसा, बसा."

"तुंगाक्काच्या घरचा बॉक्स त्या बुधवारी बंद पडला होता का, बघून सांग."

"तुम्हाला तर ठाऊक आहे सर, घरातला डबा म्हणजे दुभाष्या. तारेतून प्रकाश येतो, त्याची भाषा काँप्युटरला कळत नाही; हा सांगतो. सगळे त्याला मोडेम म्हणतात, म्हणू देत. गंमत काय, त्याची वीज तोडली की मरता मरता तो आमच्याकडे एक निरोप टाकतो. पोटात तेवढ्यापुरती वीज राखून ठेवतो. आम्ही त्याला शेवटचा आचका म्हणतो."

"डब्याचा निरोप पोचतो म्हणायचा," बिंदुमाधवराव म्हणाले.

चिदंबरनं स्क्रीनवर बोट फिरवलं. "बुधवारी आचका नाही. तारही तुटली नाही. सर, हा डबा एकेचाळीस दिवस अखंड चालू आहे. प्लग कुणी काढलाच नाही."

म्हणजे डबा जिवंत, तार जिवंत, आणि टॅब तेवढा मेलेला. बिंदुमाधवरावांच्या डोक्यात चित्र लख्ख झालं. बाहेरच्या जगाला घराचा पत्ता एकच दिसतो. आत कोणत्या मोबाइलला, कोणत्या टॅबला किती द्यायचं, ते डबाच ठरवतो. खानावळीत वाढपी ठरवतो तसं. आणि वाढप्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की अकरा ते एक म्हातारीच्या पानात काही वाढायचं नाही.

"त्याच्या सेटिंगचा पासवर्ड कुणाकडे?"

"तिघांकडे. सुधींद्र सर, त्यांच्या मिसेस, आणि वरचे भाडेकरू. भाडेकरूंनीच बसवून घेतला होता डबा."

वरचा भाडेकरू निशांत पुण्याचा, तीस-बत्तिशीचा. दहा वाजता दार वाजलं तेव्हा तो झोपेत होता. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी माणसं असतात तसा दिसत होता, म्हणजे इथलाही नाही आणि तिथलाही नाही.

"काका, मी दुपारी तीनला कामाला बसतो. अकराला मला उठवलं तर मी माणसात नसतो. मी कशाला आजींचं नेट तोडू?" मग म्हणाला, "त्या मला रोज संध्याकाळी विचारायच्या, 'निशांता, मोडेम बरा आहे का रे?' डब्याची तब्येत विचारतात तसं."

पावणेअकराला बिंदुमाधवराव आतल्या खोलीत बहिणीच्या खाटेवर बसले. टॅब मांडीवर घेतला आणि अकराची वाट पाहिली.

अकरा वाजले. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर फोन लावला. लागला. सव्वाअकराला लागला. बाराला लागला. एक वाजताही लागला.

टॅबला काहीच झालं नव्हतं. विभावरी दारातून म्हणाली, "सापडलं का काही, मामा?" आवाजात कीव होती. तिनं अर्जाच्या दोन प्रती टेबलावर आणून ठेवल्या.

४

सोमवारी तेरावा. वैकुंठ समाराधनेला पंधरा पानं होती. तुंगाबाई जिवंत असताना त्यांच्या खोलीत पंधरा मिनिटं न बसलेली माणसं सकाळपासून त्यांच्या आठवणी सांगत होती.

आचाऱ्याला पातेली काढून देता देता विभावरीनं टॅब फळीवर उभा केला आणि स्तोत्र लावलं. चाललं होतं छान. बिंदुमाधवराव केळीची पानं पुसत बसले होते.

आणि अर्ध्या श्लोकात आवाज थांबला.

स्क्रीनवर गोल फिरत राहिलं. विभावरीनं टॅब हलवला. "वायफायचं चिन्ह तर पूर्ण आहे. माझ्या मोबाइलवर चालतंय की."

बिंदुमाधवरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा.

काल रविवार होता. आज सोमवार. रविवारी वाढप्याला सुट्टी होती.

ते पान हातात तसंच घेऊन उभे राहिले. गोल फिरत होतं. जिच्यासाठी हा बंदोबस्त केला, ती जाऊन तेरा दिवस झाले होते. बंदोबस्त काढून टाकायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

"विभा," ते म्हणाले, "सुधीला आत बोलव. आणि दार लाव."

५

आतल्या खोलीत तिघंच होते. सुधींद्र सोवळ्यात, हातात मोबाइल.

"मामा, गुरुजी खोळंबलेत."

"खोळंबू देत. मोडेमचा प्लग कुणीच उपसला नव्हता. चिदंबरकडे नोंद आहे. टॅब तेवढा बंद केला जातो, सोमवार ते शुक्रवार, अकरा ते एक. आत्ताही बंद आहे, बघ. पासवर्ड तिघांकडे. निशांत तेव्हा झोपलेला असतो. विभाचा मोबाइल शाळेत कपाटात असतो, तिला अक्काचे फोन लागतच नव्हते. तू त्या वेळेला काय करतोस?"

"क्लायंट कॉल," सुधींद्रच्या आधी विभावरीच म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"हे सगळं अंदाजपंचे आहे," सुधींद्र म्हणाला. "राउटरच्या अपडेटमध्येही अशी सेटिंग आपोआप..."

"असेल. म्हणून मी डब्याचं सोडून देतो. तुझ्याबद्दल बोलू." बिंदुमाधवरावांनी स्वतःच्या मोबाइलवर उतरवून घेतलेला निरोप लावला. या वेळी थांबवला नाही.

"वनजा! अगे वनजा, मोडेम काढलीस का? काढ ग बाई, काढ लवकर. सुधीला लागंना."

विभावरी गोंधळली. "काढ लवकर? फोन लागत नाही म्हणून मोडेम काढायला का सांगतील?"

"कारण आमच्या घरात काढणं म्हणजे उघडणं. चालू करणं. कन्नडात 'तेगी' म्हणतात ना, तेच आम्ही मराठीत आणलं. दार काढ, नळ काढ, फॅन काढ. अक्का विचारत होती, वनजा, मोडेम चालू केलास का? चालू कर लवकर. ती वनजावर आरोप करत नव्हती ग. मदत मागत होती."

"पण आई माझ्याशी कधी असं बोलल्या नाहीत. अठरा वर्षांत."

"तू नवी आलीस तेव्हा एकदा हसली होतीस. 'दार काढून कुठे ठेवू' म्हणालीस. तेव्हापासून तुझ्याशी ती पुस्तकातलं मराठी बोलायची."

विभावरी खाटेच्या कडेवर बसली.

"तुला कळलं नाही, ते बरोबरच," बिंदुमाधवराव म्हणाले. "हा याच घरात जन्मला. याला शाळेतून आल्यावर अम्मा दार काढ, अम्मा दार काढ म्हणून कडी वाजवताना मी पाहिलंय. आईचं वाक्य याला पहिल्या फटक्यात कळलं. तू उलटा अर्थ लावलास आणि यानं लावू दिला. पुढची दोन वाक्यं ऐकवत नाहीत म्हणून थांबवली. ज्याला वनजा दोषी वाटते तो अख्खा निरोप वाजवेल, दहा वेळा वाजवेल. अर्धा कोण वाजवतो, सुधी?"

बाहेर पानांवर पाणी फिरवल्याचा आवाज आला.

"दिवसातून वीस फोन यायचे, मामा," सुधींद्र खाली बघून म्हणाला. "दूधवाला आला, कावळा आला, जेवलास का. समोर क्लायंट, आणि स्क्रीनवर आईचा चेहरा. दोन तासच बंद ठेवलं होतं. दोनच तास."

विभावरीनं हात पुढे केला. "मोबाइल दे."

तिनं राउटरचं ॲप उघडलं. पेरेंटल कंट्रोल. लहान मुलांनी अभ्यासाच्या वेळी कार्टून बघू नये म्हणून आईबापांसाठी केलेली सोय. त्यात मुलाचं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका अस्वलाच्या चित्राखाली लिहिलं होतं: मूल पहिलं, आई.

विभावरीनं ते अस्वल त्याच्यासमोर धरलं.

"आणि तू माझ्या हातून अर्ज लिहून घेतलास," ती म्हणाली. "माझ्या अक्षरात."

६

जेवणं उरकली. पाहुणे विडे घेऊन गेले. जाता जाता दोघा-तिघांनी सुधींद्रला स्टेशनवर सोबत यायची तयारी दाखवली. त्यानं पोटात बरं नसल्याचं सांगितलं.

वनजा बाहेरच्या पायरीवर येऊन बसली होती. बिंदुमाधवरावांनीच फोन करून बोलावलं होतं. विभावरीनं तिला आत बोलावलं; ती आली, पण बसली नाही.

सुधींद्रनं टाइप केलेला कागद पुढे केला. बिंदुमाधवरावांनी तो वाचला. इंग्रजीत होता. तांत्रिक अडचणीमुळे उद्भवलेला गैरसमज, असं काहीतरी. त्यांनी तो परत दिला.

"अडचण कोणती आणि तंत्र कुणाचं, ते लिही."

"कन्नडात लिहा, सर," वनजा म्हणाली. "एजन्सीत दाखवायच्या आधी मला वाचता आलं पाहिजे."

सुधींद्रला कन्नड लिहून तीस वर्षं झाली होती. त्यानं शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर गिरवलं. एक जोडाक्षर अडलं तेव्हा मामांना विचारलं, मामांनी सांगितलं. मोडेम चालू होता. वनजानं त्याला हात लावला नव्हता. आईचा टॅब मी बंद ठेवला होता. खाली सही, तारीख.

"कारण लिहू का?" त्यानं विचारलं.

"नको, सर. एवढं पुरतं."

वनजानं प्रत्येक ओळीखाली बोट धरून कागद दोनदा वाचला. विभावरी म्हणाली, "जेवून जा ग." वनजानं नको म्हणून मान हलवली, चारची गाडी होती, आणि त्याआधी एजन्सी. दारापाशी जाऊन ती थांबली.

"सर, अम्माला ठाऊक होतं, की तुम्ही बंद करता?"

"नाही," सुधींद्र म्हणाला.

"मग बरं." ती कागदाच्या कडा बोटांनी सारख्या करत होती. "मी एकदा म्हणाले होते, अम्मा, सरच कट करत असतील, बिझी माणूस. तर मला केवढी ओरडली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. माझा सुधी तसा नाही म्हणाली."

वनजानं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चपला शोधायला पायरी उतरली.